प्रवासी ट्रायपॉडसाठी बॉल हेड: खोक्यावरचे किलो बाजूला ठेवून काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. १.१ किलोचा कार्बन फायबरचा प्रवासी ट्रायपॉड आहे, पाय उलटे दुमडून हेडभोवती येणारा. फुल फ्रेम मिररलेस बॉडी, २४-७० एफ २.८ आणि ७०-२०० एफ ४ अशा दोन लेन्स. ट्रायपॉडबरोबर आलेलं बॉल हेड, म्हणजे कॅमेरा हव्या त्या दिशेला कलवून घट्ट करणारा गोळ्याचा सांधा, कितीही आवळलं तरी हात सोडला की फ्रेम खाली येते. नवीन हेड ३५० ग्रॅमच्या आत हवंय आणि समोर तीन पर्याय आहेत: एकावर ८ किलो क्षमता लिहिली आहे, दुसऱ्यावर १५, तिसऱ्यावर २५. कोणतं घ्यावं?

यात खरे प्रश्न दोन आहेत. फ्रेम खाली का येते, हा पहिला. हलक्या हेडमध्ये कशावर तडजोड चालते आणि कशावर नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत खरेदी थांबवा. दोष हेडमध्ये नसून प्लेटमध्ये (कॅमेऱ्याच्या बुडाला लागणारी पट्टी) किंवा सेंटर कॉलममध्ये (ट्रायपॉडचा मधला वर-खाली होणारा दांडा) असेल, तर नव्या हेडवरही हाच त्रास होणार.

किलोंपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. ही क्षमता कशी मोजायची याची सगळे उत्पादक पाळतात अशी एकच पद्धत नाही. वजन बॉलच्या बरोबर डोक्यावर ठेवलं तर लहानसं हेडही भरपूर किलो पेलतं, कारण त्या स्थितीत बॉलला फिरवणारा जोर जवळपास शून्य असतो. कॅमेरा मात्र असा क्वचितच बसतो. लेन्स पुढे निघालेली असते, उभ्या फ्रेमसाठी सगळंच एका बाजूला लटकतं. बॉलला अडवून धरायचा असतो तो या वजनाचा पीळ, म्हणजे वजन गुणिले बॉलच्या केंद्रापासूनचं आडवं अंतर. भरलेली बादली हात खाली सोडून धरणं आणि हात खांद्याच्या रेषेत आडवा करून धरणं, यात बादलीचं वजन तेच असतं, पण खांद्यावर येणारा ताण फार वेगळा असतो.

तुमच्याच सामानाचा हिशेब करू. बॉडी ७०० ग्रॅम, २४-७० साधारण ८०० ग्रॅम, मिळून दीड किलो. आडव्या फ्रेममध्ये या जोडीचा गुरुत्वमध्य बॉलच्या पुढे साधारण ५ सेंटिमीटर येतो असं धरा. पीळ झाला ७.५ किलो-सेंटिमीटर. आता बॉलची मान (बॉलवरचा दांडा) हेडच्या कडेला असलेल्या खाचेत पाडून फ्रेम उभी केली. बॉलच्या केंद्रापासून क्लॅम्पपर्यंतचं (प्लेट धरणाऱ्या जबड्यापर्यंतचं) अंतर आणि बॉडीची अर्धी उंची, असे आठ-नऊ सेंटिमीटर आता बाजूला गेले, शिवाय पुढचे ५ आहेतच. दोन्ही मिळून तिरकं अंतर १० सेंटिमीटरच्या आसपास जातं आणि पीळ १५ किलो-सेंटिमीटर होतो. वजनात एका ग्रॅमचाही फरक नाही, पीळ मात्र दुप्पट. म्हणून ८, १५ आणि २५ हे तीन आकडे, त्यातही वेगवेगळ्या उत्पादकांचे, एकमेकांशेजारी ठेवून काहीच हाती लागत नाही. एकाच कंपनीच्या दोन हेडमधला फरक जोखायला ते फार तर उपयोगी पडतात.

आता फ्रेम खाली का येते ते बघू. याची तीन वेगळी कारणं आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिलं कारण म्हणजे लवणं. फ्रेम लावताना तुम्ही कॅमेरा हाताने उचलून धरलेला असतो, त्यामुळे बॉलची मान, क्लॅम्प, प्लेटखालचं रबर, सेंटर कॉलम यांच्यावर भार नसतो. नॉब आवळून हात काढला की सगळा भार एकदम त्यांच्यावर येतो आणि ते किंचित लवतात. बॉल घसरलेला नसतो, तरी फ्रेम खाली येते. हे प्रत्येक हेडवर होतं, कमी-जास्त एवढंच. दुसरं, लॉक होताना बॉलचं सरकणं. बऱ्याच हेडमध्ये नॉब एका बाजूने बॉलवर दाब देतो. बॉल आपल्या वाटीत नीट बसलेला नसेल तर आवळता आवळता तो जरासा सरकतो. हा सरक खालीच असतो असं नाही, फ्रेम डावी-उजवीकडेही जाते. तिसरं कारण म्हणजे खरी घसरण: पकड पुरत नाही आणि बॉल हळूहळू फिरत राहतो. तीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये फोटो बिघडवते ती हीच. पहिली दोन कारणं फ्रेमिंगचा वैताग देतात, तिसरं फोटोच हलवून टाकतं.

तिन्ही वेगळी ओळखायची सोपी रीत आहे. ७०-२०० लावा, २०० वर जा, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करा आणि दूरची एखादी टोकदार कड स्क्रीनच्या मध्यावर आणा. नॉब आवळताना ती कड सरकली तर दुसरं कारण. कॅमेरा खाली झुकला की स्क्रीनवर चित्र वर जातं, म्हणून हात काढताच कड एकदा वर गेली आणि तिथेच थांबली तर पहिलं. मिनिटभर ती सावकाश वर जातच राहिली तर तिसरं. स्टॅबिलायझेशन बंद ठेवूनच हे करा, नाहीतर चित्राचं तरंगणं आणि बॉलची घसरण यात गल्लत होते.

कड एकदाच वर जाऊन थांबत असेल तर लवणारा सांधा शोधा. एका हाताने लेन्सचं टोक हलकेच वर-खाली दाबा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाचं टोक दोन भागांच्या फटीवर ठेवा, असं की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल. दोन भाग एकमेकांपासून हलत असतील तर डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लगेच कळतं. क्रम असा ठेवा: बॉडी आणि प्लेट, प्लेट आणि क्लॅम्प, क्लॅम्प आणि बॉलची मान, बॉल आणि वाटी, हेडचं बूड आणि ट्रायपॉडची चकती, शेवटी कॉलम आणि त्याची कॉलर. क्लॅम्प मानेवर ज्या स्क्रूने बसलेला असतो तो ढिला निघणं हा फार नेहमीचा दोष आहे. क्लॅम्पचे जबडे पूर्ण उघडले की तो मध्ये दिसतो, अॅलन कीने आवळला की काम भागतं. पुन्हा पुन्हा सुटत असेल तर निळ्या रंगाचं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर एक थेंब लावा. लाल लावू नका, ते कायमच्या जोडासाठी असतं आणि तापवल्याशिवाय सुटत नाही. प्लेटवर जाड, मऊ रबर असेल तर कॅमेरा त्या रबरावर डोलतो. पातळ पट्टी असलेली किंवा बॉडीच्या बुडाला मागून टेकणारी कड असलेली प्लेट घेतली की तो डोल जातो.

हे सगळं तपासूनही दोष हेडचाच निघाला असं आता धरतो. ट्रायपॉडबरोबर येणाऱ्या लहान हेडचा बहुधा तोच असतो.

हेड निवडताना माझा पहिला निकष बॉलचा व्यास असतो. दाब आणि पृष्ठभाग तेच राहिले तर पकड त्रिज्येच्या प्रमाणात वाढते. २८ मिलिमीटरच्या जागी ३६ चा बॉल आला की त्याच दाबात सुमारे २८ टक्के जास्त पीळ अडतो. मोठ्या बॉलला वाटीचा स्पर्शही जास्त मिळतो, त्यामुळे आवळण्याचा जोर एका ठिपक्यावर न येता पसरतो. याची किंमत वजनात मोजावी लागते. भरीव बॉलचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं, म्हणजे २८ वरून ३६ वर जाताना दुपटीहून थोडं जास्तच. काही उत्पादक बॉल आतून पोकळ ठेवून यातलं बरंच वजन वाचवतात. तुमच्या दोन लेन्ससाठी ३० ते ३६ मिलिमीटर हा योग्य पट्टा आहे. २५-२८ चे बॉल लहान बॉडी आणि हलकी प्राइम लेन्स एवढ्यासाठी ठीक. ४० च्या पुढे गेलात तर हेड पायांच्या मानाने जड होतं, आणि उलट दुमडलेल्या पायांमध्ये बहुतेक वेळा मावतही नाही.

तरीही नुसत्या व्यासावर जाऊ नका. मान बारीक आणि उंच असेल तर ३६ चा बॉलही लवतो. मान जाड आणि आखूड हवी, क्लॅम्प बॉलच्या जितका जवळ तितकं चांगलं. वर केलेल्या हिशेबातले आठ-नऊ सेंटिमीटर इथेच कमी होतात. दोन हेड समोर असतील तर बॉलच्या मध्यापासून क्लॅम्पच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ज्याचं कमी, त्याला झुकतं माप द्या.

बारीकसा फरक बॉलच्या आकाराचाही असतो. आर्का-स्विस या कंपनीच्या मोनोबॉल हेडमध्ये बॉल पूर्ण गोल नसतो, किंचित लंबगोल असतो. कॅमेरा सरळ उभा असताना तो मोकळा फिरतो आणि जसजसा कलतो तसतसा आपोआप जड होत जातो. जड लेन्स अचानक कोसळण्यापासून याने चांगलं संरक्षण मिळतं. प्रवासी आकाराच्या बहुतेक हेडमध्ये बॉल साधा गोलच असतो आणि हे काम ड्रॅगच्या (बॉल किती जड फिरावा ते ठरवणाऱ्या) नॉबवर येतं.

नॉब किती हवेत? पूर्ण हेडला तीन असतात: मुख्य लॉक, ड्रॅग आणि पॅन (हेड आडवं डावी-उजवीकडे फिरवण्याचा). वजन वाचवताना आधी ड्रॅग जातो, मग पॅन. पॅनचा स्वतंत्र लॉक मी कधीच सोडायला सांगणार नाही. तो नसेल तर फ्रेम जराशी डावीकडे न्यायची झाली तरी बॉल सोडावा लागतो आणि महत्प्रयासाने साधलेली क्षितिजाची रेघ जाते. ड्रॅगचा नॉब नसेल तर चालू शकतं, पण मुख्य नॉब हळूहळू चढणारा हवा: पूर्ण मोकळा ते पूर्ण घट्ट या प्रवासात अर्धा फेरा तरी मिळाला पाहिजे आणि प्रत्येक टप्प्यावर बॉलचा जडपणा बदलताना हाताला जाणवला पाहिजे. पाव फेऱ्याच्या आतच मोकळ्यावरून एकदम घट्टवर जाणारं हेड ड्रॅगशिवाय घेतलं तर कधी ना कधी कॅमेरा धाडकन खाली येतो. बोट खाचेत सापडतं किंवा लेन्सचं हूड ट्रायपॉडच्या पायावर आपटतं.

ड्रॅग असेल तर तो नीट लावणं महत्त्वाचं, कारण फ्रेम खाली येण्यावरचा अर्धा उपाय त्यातच आहे. मुख्य लॉक पूर्ण सोडा, दुसरा हात कॅमेऱ्याखाली असू द्या. कॅमेरा पुढे ४५ अंशांपर्यंत कलवून हात सैल सोडला तर तो जागीच राहील आणि बोटाने ढकललं तर हलेल, इथपर्यंत ड्रॅग वाढवा. आता फ्रेम लावताना कॅमेरा उचलून धरू नका. ढकलत ढकलत जागेवर आणा आणि आवळण्याआधी हात काढून घ्या. मान, क्लॅम्प, प्लेट यांना जेवढं लवायचं असतं तेवढं ती आताच लवतात. मग बोटाने फ्रेम पुन्हा जागेवर न्या आणि मुख्य लॉक आवळा. आवळल्यावर फ्रेम पूर्वीपेक्षा खूपच कमी हलते. लेन्स बदलली की ड्रॅग पुन्हा लावायचा. २४-७० ला पुरलेला ड्रॅग ट्रायपॉड रिंगशिवाय (लेन्सभोवती बसणारं, स्वतःचा पाय असलेलं कडं) लावलेल्या ७०-२०० ला पुरत नाही.

इथे ७०-२०० ची गोष्ट आली. तुमच्या लेन्सला ट्रायपॉड रिंग बसते का ते आधी पाहा. काही एफ ४ लेन्सबरोबर ती येते, काहींची वेगळी घ्यावी लागते, आणि काहींना रिंगची सोयच नसते. रिंग असेल तर तिचा पाय क्लॅम्पमध्ये पुढे-मागे सरकवून संपूर्ण जोडी बॉलच्या डोक्यावर तोलता येते. पीळ जवळपास संपतो आणि ३० चा बॉलही निर्धास्तपणे पेलतो. उभ्या फ्रेमसाठी लेन्स रिंगमध्येच फिरवायची, बॉलला हातही लावायचा नाही. रिंग नसेल तर सगळा भार बॉडीच्या माउंटमधून येतो, गुरुत्वमध्य आणखी पुढे जातो, आणि मग ३६ च्या बाजूला झुकणं भाग आहे. बॉडीखाली लांब रेल लावून कॅमेरा मागे सरकवता येतो, पण त्या रेलचं वजन वाढतं आणि लवणारा आणखी एक सांधाही येतो. रिंग मिळत असेल तर रिंगच घ्या.

२४-७० ला रिंग नसते, तिथे हेच काम एल-प्लेट (बॉडीच्या बुडाला आणि बाजूला लागणारी एल आकाराची प्लेट) करते. कॅमेरा क्लॅम्पमधून काढायचा, ९० अंशांत फिरवून प्लेटच्या उभ्या बाजूवर बसवायचा. बॉल सरळ राहतो, पीळ पुन्हा आडव्या फ्रेमएवढाच म्हणजे वरच्या हिशेबात ७.५ वर येतो, आणि भार ट्रायपॉडच्या मध्यावर राहतो. खाचेत पाडलेल्या कॅमेऱ्याचा आणखी एक त्रास एल-प्लेटने जातो. साधी प्लेट बॉडीला एकाच स्क्रूने धरते. उभ्या फ्रेममध्ये लेन्सचं वजन बॉडीला त्या स्क्रूभोवती फिरवायला बघतं, बॉडी प्लेटवर वळते, आणि आपण दोष बॉलला देतो. एल-प्लेट बॉडीला दोन बाजूंनी कवेत घेते, त्यामुळे हे वळणं जवळपास थांबतं.

म्हणून वजनाचा हिशेब हेड आणि प्लेट मिळून करावा, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही उभ्या फ्रेम पुष्कळ घेत असाल तर ३० चा बॉल असलेलं ३०० ग्रॅमच्या आतबाहेरचं हेड आणि त्याबरोबर एल-प्लेट, ही जोडी नुसत्या ३६ च्या हेडपेक्षा जास्त स्थिर ठरते. उभ्या फ्रेम क्वचितच घेत असाल तर ३६ चा बॉल घ्या. त्यासाठी ३५० ची मर्यादा तीस-चाळीस ग्रॅमने ओलांडावी लागली तरी ओलांडा. १.१ किलोच्या पायांवर एवढी वाढ हाताला जाणवत नाही. बॅगेतलं दुसरं काहीही कमी करा, पण इथले शंभर ग्रॅम वाचवायला जाऊ नका. त्यांच्याबरोबर बॉल आणि मानच बारीक होते.

उभी फ्रेम खाचेतच घ्यायची वेळ आली तर पॅन सोडून खाच एका पायाच्या बरोबर वर आणा. दोन पायांच्या मधल्या रिकाम्या बाजूला दीड किलो लटकलं तर हलका ट्रायपॉड वाऱ्याच्या झोतातही कलंडू शकतो.

क्लॅम्प आर्का-स्विस पद्धतीचाच (तिरक्या कडांची प्लेट जबड्यात धरणारा) घ्या. रिंगचे पाय, एल-प्लेट, रेल हे सगळं आज बहुतांश त्याच मापात मिळतं. मॅनफ्रोटोच्या आरसी २ सारख्या वेगळ्या प्लेटची पकड वाईट नसते, पण एल-प्लेट आणि लेन्सचे पाय त्यात थेट बसत नाहीत. आर्का पद्धतीच्या प्लेटची रुंदी साधारण ३८ मिलिमीटर असते, मात्र हे कोणी बांधून दिलेलं अधिकृत प्रमाण नाही. वेगवेगळ्या उत्पादकांच्या प्लेटमध्ये मिलिमीटरच्या काही अंशांचा फरक पडतो. यातून खटक्याच्या आणि नॉबच्या क्लॅम्पमधला निर्णय निघतो. खटक्याचा क्लॅम्प ठरलेल्या रुंदीवर बंद होतो. प्लेट जराशी अरुंद असेल तर खटका पूर्ण बंद होऊनही ती सैल राहते, जराशी रुंद असेल तर खटका बंदच होत नाही. सगळ्या प्लेट एकाच उत्पादकाच्या असतील तर खटका झटपट आणि छान. बॉडीची प्लेट एका कंपनीची, लेन्सचा पाय दुसऱ्या कंपनीचा असं असेल तर नॉबचाच क्लॅम्प घ्या. आटे आवळत गेलं की तो कुठल्याही रुंदीशी जुळवून घेतो.

नॉबच्या क्लॅम्पमध्ये एक काळजी घ्यायची. प्लेटची एक कड जबड्यात आणि दुसरी जबड्यावर अशी तिरकी बसली तरी नॉब आवळला जातो आणि सगळं घट्ट वाटतं. त्यामुळे आवळल्यावर हात सोडण्याआधी कॅमेरा एकदा वर ओढून बघायचा, दर वेळी. प्लेट सरकून बाहेर पडू नये म्हणून असलेल्या छोट्या खिट्ट्यांवर विसंबू नका. तशाच मापाची खोबण प्लेटला असेल तरच त्या काम करतात. क्लॅम्पची लांबी ५० ते ६० मिलिमीटर असली की पुरे.

हेड पायांमध्ये मावतं का, ही तपासणी लोक विकत घेतल्यावर करतात. आधी करा. जुनं हेड काढा, सेंटर कॉलम पूर्ण वर घ्या, पाय उलटे दुमडा आणि दोन मापं घ्या: चकतीभोवती पायांच्या आत किती व्यासाची मोकळी जागा आहे आणि चकतीपासून पायांच्या टोकांपर्यंत किती उंची मिळते. उंची सहसा भरपूर मिळते, अडतं ते व्यासावर. नॉब पायांमधल्या फटींतून बाहेर यावे लागतात. पाय १२० अंशांवर असतात, त्यामुळे तिन्ही नॉब साधारण तेवढ्याच अंतरावर असलेलं हेड अलगद बसतं. दोन नॉब ९० अंशांवर असतील तर हेड थोडं फिरवून पाहा, कधी जमतं. नाहीच जमलं तर पाय पूर्ण मिटत नाहीत, किंवा हेड काढून वेगळं न्यावं लागतं.

बुडाकडेही बघा. ट्रायपॉडच्या चकतीवरचा स्क्रू बहुतेक ३/८ इंची असतो, लहान हेडच्या बुडात कधी कधी तो १/४ करणारं बुशिंग असतं, ते पट्टी स्क्रूड्रायव्हरने काढता येतं. चकतीच्या खालून वर येणारे बारीक ग्रब स्क्रू असतील तर हेडचं बूड त्यांना झाकण्याइतकं रुंद हवं. हे स्क्रू हेडला सुटू देत नाहीत. वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने जोर लावला आणि पॅन आवळलेला असेल तर हेड चकतीवरून उकलायला लागतं, ते याच स्क्रूंनी थांबतं. हेड आधी हाताने पक्कं बसवा, मग ग्रब स्क्रू टेकेपर्यंत आणून थोडेसेच आवळा. बुडाला धातू असेल तरच. प्लॅस्टिकच्या पॅन रिंगवर ते रुतले तर पॅन जाम होतो.

पॅनोरमाबद्दल थोडं. साध्या बॉल हेडचा पॅन बॉलच्या खाली असतो. पाय समतल नसतील तर वर कॅमेरा कितीही सरळ केला तरी फिरवताना क्षितिज तिरकं होत जातं. त्यासाठी आधी पाय समतल करा, मग बॉल. वारंवार पॅनोरमा घेणाऱ्यांनी वर फिरणारा क्लॅम्प किंवा आर्का-स्विस पी० सारखं उलट्या रचनेचं हेड बघावं, त्यात बॉल खाली आणि पॅन वर असतो. अधूनमधून घेणाऱ्याला पायांची लांबी जुळवणं पुरतं.

बॉल हेड सोडून दुसरं काही घ्यावं का? ३०० मिलिमीटरच्या पुढे पक्षी-प्राणी असतील तर गिंबल, व्हिडिओ असेल तर फ्लुइड हेड, इमारतींच्या सरळ रेषा नेमक्या बसवायच्या असतील तर तीन अक्षांचं किंवा गिअरचं हेड. बॉल हेडमध्ये सगळे अक्ष एकदम सुटतात, हा त्याचा मूळ स्वभाव आहे. तुमच्या दोन लेन्ससाठी आणि प्रवासासाठी मी बॉल हेडच घेईन.

बॉलला तेल कधीच लावू नका. पकड घर्षणावर चालते आणि तेलाचा पातळ थरही ती घालवतो. काही हेड कोरडे असतात, काहींत कारखान्यातूनच ठराविक ग्रीस असतं. कोरड्या बॉलवर बोटांचा तेलकटपणा चढला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या मऊ कापडाने पुसा. ग्रीसवाल्याला अल्कोहोल लावलं तर ते ग्रीस निघून जातं आणि बॉल अडखळत फिरू लागतो, त्याला कोरडं कापडच पुरे. ग्रीसवालं हेड कडाक्याच्या थंडीत जड होतं, तिथे ड्रॅग पुन्हा लावावा लागतो. वाळूचा कण वाटीत गेला असेल आणि फिरवताना कर्र आवाज येत असेल तर जोर करून फिरवू नका. फुंकणीने हवा मारा, बॉल सगळ्या बाजूंना हलकेच कलवत उघडा भाग पुसत जा.

हेड हाती आलं की परत करण्याची मुदत संपण्याआधी ही चाचणी करा. तुमची सगळ्यात अवघड जोडी लावा: रिंग नसेल तर बॉडीवरून धरलेली ७०-२०० आणि २०० ची फोकल लेंग्थ. ट्रायपॉडचा कॉलम पूर्ण खाली, पाय कठीण जमिनीवर. लाइव्ह व्ह्यू मोठा करा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर, म्हणजे आडवे ६००० पिक्सेल धरले तर, ०.१ अंशाची घसरण २०० वर ५८ पिक्सेल दिसते आणि २४ वर फक्त सातच. त्यामुळे रुंद लेन्सवर चाचणी केली तर कुठलंही हेड पास होईल. कॅमेरा ४५ अंश खाली कलवून लॉक करा, हात काढा, दोन-तीन सेकंद शांत होऊ द्या, मग मिनिटभर कडेवर नजर ठेवा. शेवटी २४-७० लावून हेच खाचेत पाडून एकदा आणि एल-प्लेटवर एकदा करून बघा. तिथेही झूम ७० वर ठेवा.

हात काढताना कड थोडी वर जाऊन थांबली तर हेड ठेवा, ते लवणं ड्रॅगच्या पद्धतीने सांभाळता येतं. मिनिटभरात ती सावकाश सरकत राहिली तर आधी बोटाच्या टोकाने सांधे पुन्हा तपासा, प्लेट आणि क्लॅम्पचा स्क्रू आवळून चाचणी परत घ्या. तरीही सरकत असेल तर नॉब पक्कडीने पिळत बसू नका. त्या जोराने वाटी खराब होते आणि हेड परत घेण्यालायक राहत नाही. आहे तसं परत करा आणि त्याच पट्ट्यातलं पुढच्या व्यासाचं मागवा.